विमा झाडाचा नव्हे, आकड्याचा!

भातकापणी आटोपत आली, सकाळी अंगणात थोडा गारवा जाणवू लागला, की आपल्या जिल्ह्यात आंबा-काजूच्या फळपीक विम्याची चर्चा सुरू होते. ती दोन महिने चालते आणि मग मे महिन्यापर्यंत थंडावते. मे उलटल्यावर पुन्हा सुरू होते, पण तेव्हा तिचा सूर बदललेला असतो. ‘हप्तो गेलो, पैसे काय इले नाय!’ हे वाक्य मालवण तालुक्यात ऐकलं नाही असं गाव सापडणार नाही. शेजारच्या मंडळातल्या पाहुण्याला पैसे मिळालेले असले तर मग विचारूच नका.

या तक्रारींतल्या काही अगदी खऱ्या आहेत. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण निम्म्याहून अधिक तक्रारी ऐकताना असं वाटतं, की आपण विकत काय घेतलं हेच घेणाऱ्याला कोणी नीट सांगितलेलं नाही. लॉटरीचं तिकीट घ्यावं तसा विमा घेतला जातो आणि नंबर लागला नाही की शिव्या दिल्या जातात. विमा म्हणजे लॉटरी नव्हे आणि सरकारी मदतही नव्हे. तो एक करार आहे. करार वाचून सही करणाराच त्याचा पुरता फायदा घेऊ शकतो. म्हणून हा लेखप्रपंच.

विमा नक्की कशाचा?

आपल्याकडे आंबा-काजूला जी योजना आहे तिचं पूर्ण नाव ‘पुनर्रचित हवामान आधारित फळपीक विमा योजना’. २०१६ साली पंतप्रधान पीक विमा योजनेबरोबरच ती नव्या स्वरूपात आली. या लांबलचक नावातले ‘हवामान आधारित’ हे दोन शब्द लाल शाईने अधोरेखित करून ठेवा. सगळी मेख त्यांत आहे.

आरोग्य विम्यात डॉक्टर रोग्याला तपासतो, दाढ किडली की नाही ते तोंड उघडून बघतो आणि मग बिल मंजूर होतं. फळपीक विम्यात झाड कोणीही तपासत नाही. तुमच्या महसूल मंडळासाठी एक हवामान केंद्र ठरवून दिलेलं असतं. तिथे पाऊस, तापमान आणि वारा यांची नोंद होते. त्या नोंदी करारातल्या अटीत बसल्या तर त्या मंडळातल्या प्रत्येक विमाधारकाला भरपाई लागू होते, मग एखाद्याची बाग लगडलेली का असेना. आणि नोंदी अटीत बसल्या नाहीत तर तुमच्या बागेत एक आंबा उरला नसला तरी भरपाई लागू होत नाही. म्हणजे हा विमा झाडाचा नाही, केंद्रावरच्या आकड्याचा आहे.

हे ऐकायला विचित्र वाटतं, पण त्यात सोयही आहे. पंचनामा नको, अर्ज नको, कोणाच्या मागे फिरणं नको. आकडा जुळला की रक्कम थेट खात्यात जमा व्हायला हवी. उलट तोटा असा, की आपल्या बागेतला पाऊस आणि केंद्रावरचा पाऊस एकच असेल याची खात्री नाही. मालवणच्या किनाऱ्यावर हे विशेष जाणवतं. समुद्रालगत रात्र उबदार राहते आणि दुपारी खारा वारा सुटला की तापमानही फार चढत नाही. तिथून दहा-बारा किलोमीटर आत गेलात की पहाटेचा गारठा वेगळा आणि मार्चमधली दुपारही वेगळी. मंडळ एकच, केंद्र एकच, पण हवा दोन प्रकारची.

तक्त्यातले तीन रकाने

शासन निर्णयासोबत प्रत्येक पिकाचा एक तक्ता येतो. तालुका कृषी कार्यालयात तो बघायला मिळतो. बाकीचं राहू द्या, त्यातले तीन रकाने वाचा: धोका कोणता, कालावधी कोणता आणि अट काय.

आंब्यासाठी अवेळी पाऊस, कमी तापमान, जास्त तापमान आणि वेगाचा वारा हे मुख्य धोके असतात, काजूसाठी अवेळी पाऊस आणि कमी तापमान. यामागे शास्त्र आहे. मोहोर फुललेला असताना पाऊस पडला की करपा आणि भुरी येते, परागीभवन बिघडतं. थंडी फार वाढली आणि लांबली की हापूसला पुन्हा मोहोर येतो, झाडाची ताकद नव्या मोहोराकडे जाते आणि वाटाण्याएवढी-सुपारीएवढी झालेली फळं गळतात. मार्च-एप्रिलमध्ये पारा चढला की फळ भाजतं, गळतं. वारा तर तयार फळच खाली आणतो. म्हणूनच प्रत्येक धोक्याचा कालावधी वेगळा असतो.

आता अट कशी लागते ते बघा. समजा, अट अशी आहे की सलग तीन दिवस किमान तापमान १३ अंश किंवा त्याहून कमी राहिलं तर भरपाई. केंद्रावर पहिल्या रात्री १२.५, दुसऱ्या रात्री १२.८ आणि तिसऱ्या रात्री १३.४ अशी नोंद झाली. दोन रात्री थंडीने काकडलो, मोहोरावर परिणाम दिसला, तरी भरपाई नाही, कारण ‘सलग तीन’ झाले नाहीत. आणि तीन झाले तरी पूर्ण रक्कम मिळत नाही. तीन दिवसांना एक टप्पा, त्याहून अधिक दिवसांना वरचा टप्पा, असं चढत जातं. ‘विमा एक लाखाचा आणि मिळाले एवढेच?’ या प्रश्नाचं उत्तर या टप्प्यांत असतं. आकडे आणि तारखा शासन निर्णयागणिक बदलू शकतात, म्हणून गेल्या वर्षीच्या तक्त्यावर विसंबू नका.

हप्त्याचा हिशेब

२०२३ पासून दोन वर्षं राज्यात एक रुपयात पीक विमा होता. २०२५ च्या खरिपापासून तो बंद झाला. आंबा-काजूच्या या फळपीक विम्याला तो एक रुपया कधीच लागू नव्हता. इथे शेतकऱ्याचा मूळ हिस्सा विमा संरक्षित रकमेच्या ५ टक्के.

‘मग माझा हप्ता ५ टक्क्यांहून जास्त कसा?’ हा प्रश्न दरवर्षी येतो. त्याचं कारण असं: कंपनी जो एकूण दर मागते त्यातला फरक केंद्र आणि राज्य मिळून भरतात. पण २०२० च्या खरिपापासून केंद्राने कोरडवाहू क्षेत्रासाठी ३० टक्के दरापर्यंतच हातभार लावायचा असं ठरवलं. त्यावरचे ३५ टक्क्यांपर्यंतचे पाच टक्के राज्याने उचलले आणि ३५ च्या वर जे जाईल ते राज्य आणि शेतकरी यांनी निम्मं-निम्मं, असं सूत्र ठेवलं. समजा, विमा संरक्षित रक्कम हेक्टरी १ लाख आणि कंपनीचा दर ४५ टक्के. मग ३५ च्या वरच्या १० टक्क्यांतले ५ तुमच्याकडे आले. मूळचे ५ मिळवले की १० टक्के, म्हणजे हेक्टरी १०,००० रुपये. दर मंडळाला नव्हे तर जिल्ह्याला लागतो, त्यामुळे शेजारच्या जिल्ह्यातल्या पाहुण्याचा हप्ता वेगळा असू शकतो.

दहा हजार ऐकून छाती दडपते. पण दहा मीटर बाय दहा मीटर लागवडीत हेक्टरी १०० कलमं बसतात, म्हणजे कलमामागे १०० रुपये झाले. मोहोराच्या फवारण्यांवर एका कलमाला काय खर्च येतो तो तुम्ही माझ्यापेक्षा चांगला सांगाल. विमा घ्यावा की नको हा निर्णय तुमचा, पण तो हिशेब मांडून घ्या. गेल्या पाच-सहा मोसमांत आपल्या मंडळात किती वेळा भरपाई लागली आणि किती, हे विचारून वहीत लिहा. त्याच्या शेजारी तेवढ्या वर्षांचा हप्ता लिहा. मग चावडीवरच्या गप्पांवर अवलंबून राहावं लागणार नाही.

सातबारा, मुंबईकर आणि कराराची बाग

आपल्या जिल्ह्यात विमा अडतो तो हवामानापेक्षा कागदावर. अटी थोडक्यात अशा आहेत: कलम किंवा झाड उत्पादन देणारं हवं, आंबा-काजूला किमान ५ वर्षांचं वय. २०२४ च्या निर्णयात कोकणासाठी किमान क्षेत्र १० गुंठे आणि कमाल ४ हेक्टर ठेवलं. राज्याच्या इतर भागांत किमान २० गुंठे लागतात. आपल्या तुकड्या-तुकड्यांच्या जमिनी बघून ही सवलत दिली आहे, तिचा फायदा घ्या. कागदांत सातबारा, आठ-अ, आधार, बँक पासबुक, पिकाचं स्वयंघोषणापत्र आणि बागेत उभं राहून काढलेला अक्षांश-रेखांशाचा फोटो. त्यात आता शेतकरी ओळख क्रमांकाची, म्हणजे फार्मर आयडीची, भर पडली आहे.

खरी अडचण सामाईक सातबाऱ्याची. एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावं, त्यातली निम्मी परळला नाहीतर डोंबिवलीला आणि दोन-तीन तर वारलेली. विमा भरायचा तर इतर हिस्सेदारांचं संमतीपत्र लागतं. ते मागायला आपण नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात धावतो, कारण गेल्या काही वर्षांत कोकणातल्या आंबा-काजूची मुदत ३० नोव्हेंबरच्या आसपास असते. तेव्हा फोन लागत नाही, कुरिअर पोचत नाही. यावर माझ्या मते एकच तोडगा आहे. चतुर्थीला सगळे चाकरमानी घरी येतात. आरती झाली, मोदक झाले, की त्याच ओटीवर संमतीपत्रावर सह्या घ्या. भांडणं असतील ती जमिनीच्या वाटपाची असतील, विम्याच्या संमतीने कोणाचा हक्क जात नाही हे त्यांना समजावून सांगा. आणि वारलेल्यांच्या वारस नोंदी तेवढ्यासाठी तरी करून घ्या.

दुसरी अडचण कराराच्या बागांची. कित्येक बागा मालक स्वतः बघत नाही, करारावर देतो. फवारणी, राखण आणि नुकसान करारदाराचं, पण सातबाऱ्यावर नाव मालकाचं. योजनेत भाडेपट्ट्याने शेती करणाऱ्याला जागा आहे, मात्र करार नोंदणीकृत लागतो. शंभराच्या कागदावरची किंवा नुसती तोंडी बोली चालत नाही. करारदार नोंदणीचा खर्च टाळतो, विमा मालकाच्या नावावर निघतो आणि पैसे आले की वाद सुरू होतो. बोली ठरतानाच विमा कोणी भरायचा आणि भरपाई कोणाची, हे लिहून घ्या.

तिसरी गोष्ट पीक पाहणीची. सातबाऱ्यावर आंबा-काजूची नोंद नसेल तर अर्ज अडकतो. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवर आपली आपण करता येते. आपल्याकडे एकाच परड्यात माड, पोफळी, आंबा, काजू आणि रातांबे असतात. विमा फक्त आंबा आणि काजूच्या क्षेत्राचा भरायचा. माड, पोफळी, रातांबे या योजनेत नाहीत. सगळं परडं आंब्याखाली दाखवण्याचा मोह टाळा. तपासणीत क्षेत्र जुळलं नाही तर अर्ज बाद होतो आणि हप्ताही जातो.

कर्जदार बागायतदारांनी आणखी एक लक्षात ठेवावं. २०२० पासून विमा ऐच्छिक आहे. पण तुम्ही काहीच कळवलं नाही तर बँक कर्जखात्यातून हप्ता कापून विमा भरते. नको असेल तर मुदतीच्या सात दिवस आधी तसं लेखी द्यावं लागतं. हवा असेल तर बँकेने कोणतं पीक, कोणतं गाव, किती क्षेत्र भरलं त्याची पावती मागून घ्या. बँकेने चुकीचं गाव टाकलं म्हणजे चुकीचं मंडळ, आणि मंडळ चुकलं की भरपाई दुसऱ्याच केंद्राच्या आकड्यांवर ठरते. बिगरकर्जदारांनी सेवा केंद्रात अर्ज भरला तर हप्त्याशिवाय वेगळे पैसे देऊ नयेत, केंद्रचालकाला त्याचा मोबदला कंपनीकडून मिळतो. अर्ज क्रमांक जपून ठेवा. पीक विम्याच्या संकेतस्थळावर किंवा १४४४७ या क्रमांकावर त्यावरूनच चौकशी होते. खातं आधारशी जोडलेलं आहे ना, हेही एकदा बँकेत विचारून घ्या. मंजूर पैसे परत जाण्याचं ते मोठं कारण आहे.

विम्यात काय नाही

माकडांनी बाग लुटली, वणव्यात काजू जळला, फुलकिडीने मोहोर करपवला, ढेकण्याने काजूची पालवी सुकवली, बाजारात भाव पडला, यातलं काहीही या विम्यात येत नाही. वन्यप्राण्यांच्या नुकसानीचा अर्ज वन खात्याकडे करायचा असतो, कीड-रोगासाठी वेळेवर फवारणी हाच विमा.

गारपीट मात्र वेगळी. ती जादा हप्ता भरून वेगळी घ्यावी लागते आणि तिथे वैयक्तिक पाहणी होते. त्यासाठी नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत कळवणं बंधनकारक आहे. ‘रविवार होता, सोमवारी सुट्टी होती’ ही सबब चालत नाही.

पंधरा मे नंतर काय?

आता खऱ्या तक्रारीकडे येतो. आंब्याच्या पाऊस-वाऱ्याच्या संरक्षणाची मुदत आजवर बहुतेक १५ मे पर्यंत राहिली आहे. १६ मे २०२१ रोजी तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्यावरून गेलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्यात झाडं मुळासकट आडवी झाली. तारीख बघा: मुदत संपून एक दिवस झाला होता. २०२५ साली तर मान्सून २५ मे रोजीच महाराष्ट्रात आला आणि हवामान खात्याने त्याची सीमा दाखवली ती देवगडपर्यंत. त्याआधीचे काही दिवसही पावसाचेच होते. शेवटच्या तोडणीचा आंबा झाडावर असताना हे घडलं, आणि विम्याच्या दृष्टीने तो आंबा तेव्हा अस्तित्वातच नव्हता.

मोहोर उशिरा येतो तेव्हा हंगाम मेअखेरीपर्यंत लांबतो, हे आपण सगळे बघतो आहोत. करार मात्र जुन्या पंचांगावर चालतो. मुदत ३१ मे पर्यंत न्यावी ही मागणी रास्त आहे. पण मुदत वाढली की कंपनीचा दर वाढणार आणि वरचा वाटा आपल्याकडे येणार, हेही मोकळेपणाने बोललं पाहिजे. मला वाटतं, बागायतदार तो वाटा विचार करून स्वीकारतील. योजनेचे नियम दर दोन-तीन वर्षांनी नव्याने ठरतात. नुकसान झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा नियम ठरण्याआधी ग्रामसभेचा ठराव पाठवणं अधिक कामाचं.

गावकारभाऱ्यांनी तीन कामं करावीत

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, ग्राम महसूल अधिकारी आणि आम्ही सहायक कृषी अधिकारी, सरपंच सोडून बाकीच्यांची नावं बदलली, कामं तीच आहेत. त्यात या तीन कामांची भर घालूया.

पहिलं, आपल्या मंडळाचं हवामान केंद्र कुठे आहे ते गावातल्या दहा माणसांना तरी दाखवा. कितीकांना ते माहीतच नसतं. केंद्रावर वेल चढली आहे का, शेजारी माड किंवा इमारत वाढली आहे का, याकडे लक्ष असू द्या. अडथळा जितका उंच त्याच्या निदान दुप्पट अंतरावर पर्जन्यमापक असावा, नाहीतर पाऊस कमी मोजला जातो. केंद्र बंद किंवा झाकलेलं दिसलं तर त्याच आठवड्यात फोटोसह तहसीलदार आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना लेखी कळवा आणि पोच घ्या. मे महिन्यात केलेल्या तोंडी तक्रारीला किंमत नसते, जानेवारीतल्या पोचपावतीला असते.

दुसरं, डिसेंबर ते मे ग्रामपंचायतीच्या फलकावर मंडळाच्या केंद्रावरचा पाऊस आणि कमाल-किमान तापमान लिहा. एक खडू आणि पाच मिनिटं लागतात. आकडे रोज डोळ्यांसमोर राहिले की अट कधी जुळली ते गावालाच कळेल आणि भरपाईबद्दलची निम्मी अफवा तिथेच मरेल. शाळेत साधा पर्जन्यमापक ठेवून मुलांकडून नोंद करून घेतलीत तर आणखी चांगलं. विमा त्यावर मिळणार नाही, पण केंद्राच्या आकड्यात आणि गावच्या आकड्यात वर्षानुवर्षं फरक पडत असेल, तर जादा केंद्राची मागणी करायला पुरावा तयार होईल.

तिसरं, विमाधारकांचं एक रजिस्टर ठेवा: नाव, अर्ज क्रमांक, पीक, क्षेत्र, हप्ता, भरपाई. आज गावात कोणाचा विमा आहे हे बँकेला माहीत असतं, कंपनीला माहीत असतं, गावाला नसतं. एकेकटा माणूस फोन करतो तेव्हा त्याला ‘चौकशी चालू आहे’ एवढंच ऐकू येतं. चाळीस अर्ज क्रमांकांची यादी जोडून ग्रामपंचायतीचं पत्र गेलं की त्याला उत्तर द्यावं लागतं.

बागायतदार बंधू-भगिनींनो, पावसावर आणि वाऱ्यावर आपला ताबा नाही. पण संमतीपत्र, पीक पाहणी, पावती आणि केंद्राचा आकडा या चार गोष्टी आपल्या हातातल्या आहेत. या मोसमात हप्ता भरण्याआधी तक्त्यातले ते तीन रकाने एकदा वाचा, कळले नाहीत तर आमच्या कार्यालयात या आणि विचारा. समजावून सांगणं हे आमचं काम आहे, त्यात उपकार काही नाही.